विथमबरीचा बुधवार

खोर फक्कान
शुक्रवार, ९ मे २००३

प्रिय अवनी,

तुझ्या फार्मसीच्या दारातून बाहेर पडून डावीकडे वळलं, की सातआठ पावलांवर फरसबंदीत एक गंजकं लोखंडी कडं आहे. तू रोज त्याच्यावरून जात असशील. कशाचं आहे ते, माहीत आहे तुला? बैल बांधायचं! दीडशे वर्षांपूर्वी विथमबरीचा गुरांचा बाजार तिथेच, तुमच्या दाराशी भरायचा. मग गावात रेल्वे आली आणि बाजार स्टेशनजवळ गेला. पुढे रेल्वे बंद झाली, गुरंही गेली, आणि आता तिथे सुपरमार्केटचं पार्किंग आहे. कडी बारा होती. अकरा उपटली. बारावं रस्ता करणाऱ्या कंत्राटदाराला काही केल्या निघेना, म्हणून त्याने त्याच्या भोवतीच फरशा बसवल्या. आमच्या पोर्टमधले कंत्राटदार तरी काय वेगळं करतात!

तू चक्रावली असशील. तीन वर्षांत बाबांचं पहिलं पत्र येतं आणि त्यात बैलाचं कडं. पण सांगण्यासारखं इतकं साठलंय की कुठलं टोक आधी धरावं कळत नाही. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहावेत असं मनात होतं, पण पेन तिथे अडलं. ते लिहायचा हक्क मीच घालवलाय, म्हणून सरळ बाजारातच शिरलो. इंग्लंडमधल्या ज्या छोट्या गावात तू फार्मसिस्ट आहेस, जिथे तुझं लग्न झालं आणि मी आलो नाही, आईलाही येऊ दिलं नाही, ते गाव मला इथे टर्मिनलच्या ऑफिसात बसून पाठ झालंय, अवनी. कुठल्या गल्लीतून कुठे निघता येतं, चर्चच्या घंटा कुठल्या संध्याकाळी वाजवून बघतात, लायब्ररी कुठले तीन दिवस उघडी असते, सगळं. इथे खिडकीबाहेर डोंगर, क्रेन आणि बेचाळीस डिग्री, आणि मी आपला चौकातल्या दगडी क्रॉसच्या पायऱ्या मोजतोय. पाच आहेत. सहावी जमिनीखाली गेलीय.

सुरुवात दर्शनमुळे झाली. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात इंटरनेट आलं, तेव्हा तो शाळेच्या प्रोजेक्टसाठी एका गुरुवारी माझ्याबरोबर आला होता. त्याचं काम झालं आणि मी उगाच विचारलं, यात एखाद्या गावाची माहिती मिळते का रे? 'ऑफकोर्स बाबा, जस्ट टाईप द नेम. विच टाऊन?' मी चष्मा काढून पुसायला घेतला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, न विचारता तुझ्या गावाचं नाव टाईप केलं आणि 'आय नीड अ पेप्सी' म्हणत बाहेर निघून गेला. चांगला अर्धा तास आला नाही. तुझा भाऊ शहाणा झालाय.

स्क्रीनवर एकच पान होतं. हिरव्या रंगावर चर्चचा फोटो आणि खाली 'विथमबरी इतिहास मंडळ, चिटणीस मिस डोरोथी पेल'. मी त्यांना चार ओळी लिहिल्या, की मी अमिरातीतल्या खोर फक्कानच्या कंटेनर पोर्टमध्ये नोकरीला आहे आणि इंग्लंडमधल्या बाजारगावांच्या इतिहासाची मला आवड आहे. धडधडीत खोटं. माझी बाजाराची आवड मसाफीच्या रस्त्यावर गाडी थांबवून आंबे घासाघीस करून घेण्यापलीकडे कधी गेली नव्हती. पण चार दिवसांनी उत्तर आलं, आणि केवढं! या मिस पेल अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, शाळेत भूगोल शिकवायच्या. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसून लिहितात. पहिल्याच पत्रात त्यांनी सनदेची गोष्ट सांगितली. १२५३ साली राजाने विथमबरीला दर बुधवारी बाजार भरवायचा हक्क दिला. तेव्हापासून प्लेग आला, आग लागून अर्धं गाव जळालं, दोन महायुद्धं झाली, तरी बुधवार चुकला नाही. १९४७ साली नदी चौकात शिरली, तेव्हासुद्धा एका बाईने चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून अंडी विकली. साडेसातशे वर्षं! मी ते वाचून इतका खूश झालो की बाहेर जाऊन शौकतला सांगून आलो.

शौकत तुला आठवत असेल. आमचा टॅली फोरमन, जहाजांवरचा माल मोजून घेणारा, कराचीचा, लहानपणी तुला खजूर आणून द्यायचा तो. त्याचं म्हणणं, 'साहब, साढ़े सात सौ साल एक ही दिन? यहाँ तो जहाज़ का टाइम दिन में चार बार बदलता है।'

मग मिस पेलची पाकिटं यायला लागली. जुने नकाशे, मंडळाच्या पुस्तिका, फोटोंच्या झेरॉक्स. मी उत्तरं पाठवायचो, त्यांना इथल्या गोष्टी कळवायचो. डोंगरातून गोण्या घेऊन उतरणाऱ्या गाढवांच्या, वाळत घातलेल्या माशांच्या, आमच्या मल्याळी कॅफेटेरियातल्या कडक चहाच्या. त्या ते सगळं मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवायच्या म्हणे. आणि एका ईमेलमध्ये, गावातल्या जुन्या पाण्याच्या पंपाबद्दल लिहिता लिहिता, एक ओळ आली. 'माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या, पण आमच्या केमिस्टकडच्या तरुण भारतीय मुलीने मला त्या इतक्या नीट समजावल्या की डॉक्टरांनीही कधी समजावल्या नव्हत्या.' अवनी, ती ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. प्रिंट काढून पाकिटात ठेवली. त्यानंतर मी फार हुशारीने प्रश्न विचारायला लागलो. केमिस्टच्या शेजारी कुठलं दुकान आहे? केमिस्टची इमारत किती जुनी? बुधवारी तिथे गर्दी असते का? आणि दर वेळी उत्तरात, इतिहासाच्या मधोमध, तुझी एखादी ओळ असायची. केमिस्टकडच्या मुलीने केस कापलेत. तिला सर्दी झालीय, पण सुट्टी घेत नाही. तिने काउंटरवर ओव्याची बरणी ठेवलीय आणि पोट दुखतंय म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना ती हळूच चिमूटभर देते. (कायद्यात बसतं का हे?)

आई दर शुक्रवारी कार्ड घेऊन एतिसलातच्या बूथवरून तुला फोन करते, हे मला माहीत आहे. पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. मासे आणायला मला दीड तास का लागायचा असं तुला वाटतं? मासे दहा मिनिटांत मिळतात. उरलेला वेळ मी समुद्रकाठी, कॉर्निशवर फेऱ्या मारायचो, म्हणजे तिचं बोलणं पुरं व्हावं. घरी आलो की तिचे डोळे पाहून कळायचं, फोन लागला की नाही. विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मग मला काहीतरी म्हणावं लागलं असतं.

आता मुख्य गोष्ट! चौकात तो लाकडी मार्केट हॉल आहे ना, आठ ओकच्या खांबांवर उभा, ज्याच्या खाली पावसात लोक थांबतात? त्या खांबांवर खुणा कोरलेल्या आहेत. वर्तुळ, त्यात फुली, खाली एक अक्षर, आणि बाजूला उभ्या-आडव्या रेघा. गेल्या वर्षी मिस पेलनी त्याचे फोटो पाठवले. सगळे म्हणतात की या सुतारांच्या खुणा, कुठला वासा कुठे बसवायचा त्याच्या. मिस पेलना ते पटत नव्हतं. मी फोटो टेबलावर पसरून बसलो होतो, शौकत सह्या घ्यायला आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, 'ये किस जहाज़ का है, साहब?' मी म्हटलं, जहाजाचं नाही, इंग्लंडमधला खांब आहे. 'तो क्या हुआ? ये माल का निशान है। गोले में क्रॉस मालिक का, नीचे वाला लॉट का। और ये देखिए, चार खड़ी लकीर, एक आड़ी। पाँच। फिर पाँच। ये टॅली है साहब, मैंने चालीस साल यही किया है।' मी खुर्चीतून उठलोच. कंटेनर येण्याआधी आम्ही गोण्यांवर, गठ्ठ्यांवर काळ्या शाईने हेच मारत होतो! मी मोजलं तर प्रत्येक खांबावर रेघा कमरेपासून खांद्यापर्यंतच होत्या, म्हणजे गठ्ठ्यांच्या थप्पीजवळ उभा राहिलेला माणूस कोरेल तेवढ्याच उंचीवर. लोकरीचे गठ्ठे मोजले जात होते तिथे!

दोघांच्या नावाने ईमेल केला. तीन आठवडे काही उत्तर नाही. मला वाटलं, हसल्या असतील. मग आला तो ईमेल सगळा मोठ्या अक्षरांत, मिस पेलकडून कधी न आलेला. त्या बसने जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात गेल्या होत्या आणि सोळाव्या शतकातल्या एका लोकरीच्या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रावर त्यांना तेच वर्तुळ आणि तीच फुली सापडली होती. शौकतने बातमी ऐकली आणि कँटीनमध्ये सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने चहा पाजला. वर म्हणतो, 'खलास! अंग्रेज़ को पाँच सौ साल लगे, मुझे पाँच मिनट।'

ते कुठवर गेलं ते मला नंतर कळलं, आणि तुला तर ते माझ्याआधी माहीत आहे, फक्त मागे कोण होतं ते माहीत नाही. गेल्या नोव्हेंबरात तुमच्या कौन्सिलने बुधवारचा बाजार चौकातून उचलून सुपरमार्केटच्या मागे टाकायचं ठरवलं होतं. वाहतुकीला अडथळा होतो आणि असाही हा बाजार तिथे फार जुना नसावा, हॉलसुद्धा दुसरीकडून आणून उभा केलेला असेल, असं त्यांचं म्हणणं. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. मिस पेलनी आमचे फोटो भिंतीवर लावले, खुणा समजावून दिल्या आणि लोकर याच खांबांशी मोजली जायची हे मृत्युपत्रातल्या मजकुरानिशी दाखवलं. तरी कौन्सिलवाले बधेनात. आणि मग, मिस पेलनी लिहिलंय, मागच्या रांगेतून केमिस्टकडची मुलगी उठली. ती म्हणाली, 'माझ्याकडे दर बुधवारी येणाऱ्यांत एकोणीस माणसं एकटी राहतात. ती गोळ्यांसाठी बुधवारच निवडतात, कारण त्या दिवशी ती ब्रेड घेतात, चीज घेतात आणि प्रत्येक टेबलापाशी दोन शब्द बोलतात. पार्किंगपर्यंत चालत जाणं त्यांना होणार नाही. तुम्ही बाजार हलवा, पण मग त्यांच्यासाठी मला वेगळी औषधं द्यावी लागतील.' मिस पेल म्हणतात, हॉलमधले लोक उठून उभे राहिले. मी हे वाचलं तेव्हा ऑफिसात फोन वाजत होता, धक्क्याला जहाज लागत होतं, आणि मी तसाच बसून होतो. बाजार चौकातच राहिला. तू आणि मी एकाच बाजूने भांडत होतो, बाळ, आणि एकमेकांना ठाऊक नव्हतं.

त्या बाजारात मार्टिनचं चीजचं टेबल आहे. त्याचं नाव लिहायला मला एवढी पानं लागली, बघ. मंडळाच्या पुस्तिकेत १९११ सालचा चौकाचा फोटो आहे, त्यात ॲप्रन बांधलेला एक माणूस टेबलामागे उभा आहे. आडनाव मार्टिनचंच. आईने तुझ्या लग्नाचे फोटो पिठाच्या डब्यामागे लपवलेत, ते मी काढून ताडून पाहिलं. कान तसेच आहेत! चार पिढ्या एकाच जागेवर, पहाटे पाचला येऊन मांडामांड करणारी माणसं. आणि तू त्याच्याबद्दल सांगितलंस तेव्हा मी फोनवर काय म्हणालो होतो? 'फार्मसिस्ट केलं तुला, आणि तू बाजारात बसणाऱ्याशी लग्न करणार?' तू फोन ठेवलास. बरोबर केलंस.

एक गोष्ट मी तुझ्या आईलाही कधी सांगितली नाही. तुम्हा मुलांना मी नेहमी म्हणायचो की आजोबांचा मसाल्याचा व्यापार होता. तो व्यापार म्हणजे आमच्या तळकोकणातल्या बाजारात, जमिनीवर गोणपाट पसरून, मिरच्या, धणे आणि हळकुंडांच्या राशींमागे माझे अण्णा दिवसभर बसायचे. तो बाजारही बुधवारचाच. मी एकोणीस वर्षांचा, रत्नागिरीला कॉलेजात. सुट्टीत त्यांच्या शेजारी बसलो होतो, तर वर्गातले दोघं एसटीतून उतरून समोरच आले. एकाने विचारलं, 'मसुरकर, तू इथे? हे कोण?' मी म्हणालो, 'ओळखीचे आहेत. जरा मदतीला बसलोय.' अण्णांनी मान वर केली नाही. शांतपणे पुडी बांधली आणि मला म्हणाले, 'अहो, जरा तो तराजू द्या इकडे.' मला, स्वतःच्या मुलाला, 'अहो' म्हणाले. मी दिला. घरी गेल्यावर ते त्यावर एक अक्षर बोलले नाहीत, पुढेही कधी बोलले नाहीत, आणि मी दुबईची पहिली नोकरी लागेपर्यंत पुन्हा बाजारात पाऊल टाकलं नाही. तोवर ते गेले होते. तुझ्या फोनवर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं, ते त्या दिवसाचं उरलेलं होतं. मार्टिनचा त्यात काही दोष नव्हता, आणि तुझा तर नव्हताच.

आता गंमत ऐक. गेल्या महिन्यात मिस पेलना मी सगळं खरं लिहिलं, की मी तुमच्याशी दोन वर्षं खोटं बोललो, केमिस्टकडची मुलगी माझी आहे. त्यांचं उत्तर दोन ओळींचं. 'प्रिय मि. मसुरकर, तुमच्या पहिल्याच ईमेलखाली तुमचं आडनाव होतं, आणि तेच आडनाव दुकानाच्या भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रात आहे. तुमच्या मुलीबद्दल दर वेळी काहीतरी लिहायचं म्हणून मला किती अनावश्यक खोकल्याची औषधं विकत घ्यावी लागली, याची तुम्हाला कल्पना नाही.' त्याच रात्री मी आईला सगळं सांगितलं, तुला मीच लिहीन तोवर फोनवर काही बोलू नकोस म्हटलं, आणि आम्ही दोघं हसून हसून रडलो. तुला त्यांनी काही सांगितलं नाही, कारण ते सांगणं त्यांचं नव्हतं, माझं होतं. त्यांच्यावर रागावू नकोस.

तर हे पत्र कशासाठी, ते आता सांगतो. पुढच्या महिन्यात, अठरा जूनला, बुधवारी, तुमच्या बाजाराला साडेसातशे वर्षं पुरी होतायत. मंडळ हॉलच्या खांबावर पितळी पाटी लावणार आहे, तिच्यावर शौकत अली आणि चंद्रहास मसुरकर, खोर फक्कान, अशी नावं असतील, आणि मला चार शब्द बोलायला बोलावलंय. शौकत म्हणतो, 'साहब, मेरी तरफ़ से आप बोलिए, आपकी बेटी का गाँव है।' आईचा आणि माझा व्हिसा मंगळवारी मिळाला. आईने शारजात सेलमध्ये लोकरी कोट घेतलाय, साडेतीनशे दिरहॅम, म्हणजे साडेचार हजार रुपये, आणि या गरमीत तो घालून आरशासमोर उभी राहते. दर्शनची परीक्षा आहे, तो शौकतच्या घरी राहील. मिस पेलनी माडीवरची खोली देऊ केलीय, त्यामुळे तुझ्या दारात येऊन तुला अवघडवायचा प्रश्न नाही. पण तिकिटं मी अजून कन्फर्म केलेली नाहीत. मंडळाचं आमंत्रण आहे, पाटी आहे, सगळं आहे, तरी ते गाव तुझं आहे. तीन वर्षांपूर्वी मी तुला माझं दार बंद केलं, आता तुझ्या परवानगीशिवाय तुझ्या गावात शिरणार नाही. आई तर येईलच, तिला अडवायची चूक पुन्हा नाही. विचारतोय ते माझ्यापुरतं. मी मार्टिनची माफी मागीन, त्याच्या टेबलासमोर, लोकांच्या देखत. तू मला माफ करच असं म्हणत नाही. आमचा नंबर तोच आहे, आणि या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत तिकिटं धरून ठेवतील. 'या' म्हण किंवा 'येऊ नका' म्हण, राग येणार नाही. फक्त ते चिठ्ठीत लिहू नकोस, आईजवळ निरोप देऊ नकोस. जे असेल ते मला तुझ्या आवाजात ऐकू दे.

तुझाच,
बाबा